औषधांचे उरलेले अंश आणि पाणी गाळणारे पटल

रुग्णाने घेतलेल्या गोळीचे पुढे काय होते, हा प्रश्न रुग्णाचे नातेवाईक सहसा विचारीत नाहीत. गोळी पोटात गेली, ताप उतरला, वेदना शमली की तिचे कार्य संपले, असे आपण मानतो. वस्तुतः औषधाचा प्रवास तेथे संपत नाही. यकृत व मूत्रपिंड यांच्या वाटेने त्याचा बराचसा अंश शरीराबाहेर पडतो. मधुमेहाच्या असंख्य रुग्णांना दिले जाणारे मेटफॉर्मिन शरीरात जवळजवळ मोडतच नाही. जसे घेतले तसेच ते लघवीवाटे बाहेर येते. अ‍ॅमॉक्सिसिलिन या प्रतिजैविकाचाही अर्ध्याहून अधिक भाग काही तासांतच मूळ रूपात उत्सर्जित होतो. मिरगीवरील कार्बामाझेपिन मूळ रूपात फार थोडे बाहेर पडते. परंतु जे पडते ते इतके चिवट असते, की जगातील कितीतरी नद्यांच्या पाण्यात त्याचा माग लागतो.

हे सारे शौचालयातून शोषखड्ड्यात, गटारात, नाल्यात आणि अखेर तलावात किंवा नदीत जाते. सौंदड व परिसरातील वाचकांस याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. आपला गोंदिया-भंडारा हा तलावांचा मुलूख आहे. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले आणि आज 'मामा तलाव' म्हणून ओळखले जाणारे माजी मालगुजारी तलाव, शेताशेतांतील बोड्या आणि वैनगंगेला जाऊन मिळणारी चुलबंद यांवर येथील धान पिकतो, ढीवर बांधवांची मासेमारी चालते आणि गुरे पाणी पितात. वाहत्या नदीत पडलेली वस्तू निदान पुढे तरी जाते. तलावाचे पाणी मात्र पुढच्या पावसाळ्यापर्यंत बहुधा तेथेच राहते, आणि त्यात उतरलेली द्रव्येही तेथेच राहतात.

पाण्यातील या द्रव्यांचे प्रमाण इतके अल्प असते, की ते मोजण्याची साधने गेल्या तीन-चार दशकांतच सर्वत्र उपलब्ध झाली. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले तर त्यातील एका भागास नॅनोग्रॅम म्हणतात. पाण्यातील औषधांचे मोजमाप दर लिटरमागे अशा काही नॅनोग्रॅममध्ये होते. एवढ्याशा अंशाने काय होणार, असे कोणासही वाटेल. या शंकेचे उत्तर कॅनडातील एका तलावाने दिले आहे.

त्या देशाच्या ऑन्टारियो प्रांतात केवळ संशोधनासाठी राखून ठेवलेल्या तलावांचा एक समूह आहे. त्यांतील २६० क्रमांकाच्या तलावात शास्त्रज्ञांनी २००१ ते २००३ अशी सलग तीन वर्षे उन्हाळ्यात एथिनिलएस्ट्राडिऑल हे कृत्रिम स्त्री-संप्रेरक मिसळले. गर्भनिरोधक गोळीत वापरले जाते तेच हे द्रव्य होय. प्रमाण लिटरमागे अवघे ५ ते ६ नॅनोग्रॅम ठेवले होते. थोड्याच काळात नर माशांच्या शरीरात अंड्यांच्या बलकासाठी लागणारे, केवळ माद्यांमध्ये आढळावयाचे प्रथिन तयार होऊ लागले. काही नरांच्या वृषणांत अंडपेशी दिसू लागल्या. पुढे 'फॅटहेड मिनो' या लहान, अल्पायुषी माशाची त्या तलावातील वीण जवळजवळ खुंटली, आणि त्याच्यावर पोसणाऱ्या मोठ्या माशांनाही अन्नाची टंचाई भासू लागली. हे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. दिलासा देणारी बाब एवढीच, की संप्रेरक मिसळणे थांबविल्यावर काही वर्षांनी ते मासे पुन्हा वाढले.

आपल्या देशात सरकारी योजनेतून दिल्या जाणाऱ्या माला-एन या गोळीत हे संप्रेरक ०.०३ मिलिग्रॅम, म्हणजे ३०,००० नॅनोग्रॅम असते. अशी एक न वापरलेली गोळी पाण्यात पूर्ण विरघळली, तर सुमारे ६,००० लिटर पाणी त्या कॅनडाच्या तलावाइतके दूषित होऊ शकेल, असा साधा हिशेब निघतो. यावरून कोणाही भगिनीने डॉक्टरांचा सल्ला न घेता गोळी बंद करावी असा अर्थ कृपया काढू नये. स्त्रियांच्या, विशेषतः गर्भवती स्त्रियांच्या आणि दुभत्या जनावरांच्या शरीरातून नैसर्गिक संप्रेरकेही सतत बाहेर पडतच असतात, आणि त्यांचे एकूण वजन गोळ्यांतील संप्रेरकापेक्षा पुष्कळच अधिक भरते. प्लास्टिकमधील बिस्फेनॉल-ए, काही कीटकनाशके व साबणातील काही द्रव्येही शरीरातील संप्रेरकांचे सोंग घेतात. या साऱ्यांना मिळून संप्रेरक-विघातक द्रव्ये असे म्हटले जाते.

औषध माणसाच्या शरीराबाहेर गेल्यावर किती अनपेक्षित ठिकाणी घात करू शकते, याचे उदाहरण आपल्या आकाशातच घडून गेले. विदर्भातील गावोगावच्या ढोरफोडीच्या जागांवर उतरणारी गिधाडे १९९० नंतर झपाट्याने नाहीशी झाली. गुरांना वेदनाशामक म्हणून टोचलेले डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. २००६ मध्ये भारत सरकारने गुरांसाठी त्याच्या वापरावर बंदी घातली; तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी बहुतेक सर्व संपली होती. हा घात पाण्याच्या वाटेने झाला नव्हता हे खरे. तथापि तेच औषध आज घरोघरी सांधेदुखीसाठी घेतले जाते आणि नद्यांत सापडणाऱ्या औषधांच्या यादीत त्याचे नाव वरच्या ओळींत असते.

दुसरे उदाहरण हैदराबादजवळील पटणचेरू येथील. तेथील सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी ज्या केंद्रात शुद्ध केले जात असे, त्या केंद्रातून बाहेर पडणारे पाणी स्वीडनच्या संशोधकांनी तपासले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार त्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत होते. ते औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही त्याचे प्रमाण एवढे नसते. अशा पाण्यात वाढणारे जंतू त्या औषधास सरावतात, आणि मग ज्या वॉर्डात त्या औषधाची खरी गरज असते तेथे ते निष्प्रभ ठरते. रुग्णालयांना या विषयाची काळजी वाटण्याचे मुख्य कारण आमच्या मते हेच आहे.

असे असले तरी वाचकांनी धास्ती घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये या प्रश्नाचा आढावा घेतला, तेव्हा शुद्धीकरण केलेल्या पिण्याच्या पाण्यात औषधांचे प्रमाण सामान्यतः लिटरमागे ५० नॅनोग्रॅमपेक्षा कमी आढळते आणि त्यापासून मानवी आरोग्यास जाणवण्याजोगा अपाय होण्याचा संभव फारच थोडा आहे, असे मत नोंदविले. लिटरमागे ५० नॅनोग्रॅम औषध असलेले पाणी रोज दोन लिटर याप्रमाणे कोणी ७० वर्षे प्याले, तर आयुष्यभरात त्याच्या पोटात सुमारे अडीच मिलिग्रॅम औषध जाईल. डायक्लोफिनॅकच्या एका साध्या गोळीचा हा विसावा भाग झाला. पाण्यातच जन्मून पाण्यातच मरणाऱ्या माशाला, आणि ज्याची एक पिढी अर्ध्या तासात होते अशा जंतूला, मात्र हा हिशेब लागू पडत नाही.

नेहमीचे उपाय कोठे अपुरे पडतात

पाणी उकळल्याने जंतू मरतात, औषधे जात नाहीत. उलट पाणी आटले तर त्यांची दाटी किंचित वाढते. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, पण विरघळलेले औषध पाण्यातच राहते. मेणबत्तीच्या आकाराच्या गाळणीची छिद्रे जंतूंना अडविण्याच्या बेताची असतात. क्लोरीनचा काही संप्रेरकांवर परिणाम होतो. तथापि त्यातून कोणती नवी द्रव्ये निर्माण होतात हा पुन्हा वेगळा प्रश्न आहे. शहरांतील मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांत जिवाणूंकडून घाण खाऊन घेतली जाते. हे जिवाणू पॅरासिटामॉल व आयबुप्रोफेन यांचा बहुतांश फडशा पाडतात, डायक्लोफिनॅकच्या बाबतीत कधी यशस्वी तर कधी अयशस्वी होतात, आणि कार्बामाझेपिनला जवळपास हातच लावीत नाहीत. संप्रेरकांच्या बाबतीत तर एक विचित्र प्रकार घडतो. यकृत संप्रेरकाला दुसऱ्या रेणूची जोड देऊन निष्क्रिय करते व बाहेर टाकते. मैलापाण्यातील जिवाणू ती जोड तोडतात, आणि निष्क्रिय झालेले संप्रेरक पुन्हा सक्रिय होते.

पटल म्हणजे काय

पाणी गाळणाऱ्या पटलाची कल्पना आपल्या गोंदियाच्या राइस मिलच्या दाखल्याने चांगली समजते. गिरणीत एकाखाली एक चाळण्या असतात. एकीवर अख्खा तांदूळ राहतो, दुसरीवर कणी, आणि कोंडा खाली जातो. पटलांचेही असेच आहे. रक्तातील तांबडी पेशी सुमारे ७ मायक्रॉन रुंदीची, जंतू साधारण १ मायक्रॉनचा, विषाणू त्याच्या दहाव्या ते पन्नासाव्या हिश्श्याएवढा, तर औषधाचा रेणू जेमतेम एका मायक्रॉनच्या हजाराव्या भागाइतका असतो. यावरून हे लक्षात येईल, की जंतू व विषाणू अडविणारे सूक्ष्म व अतिसूक्ष्म गाळणीचे पटल औषधांपुढे निरुपयोगी आहे. कणीच्या चाळणीने कोंडा अडत नाही, तसे. औषधे अडवावयाची तर त्याहून बारीक, नॅनो गाळणीचे किंवा उलट परासरणाचे, म्हणजे ज्याला आपण 'आरओ' म्हणतो ते, पटल लागते.

परासरणाचा शोध जुना आहे. फ्रान्समधील नोले या धर्मगुरूने १७४८ मध्ये मद्यार्काने भरलेले भांडे डुकराच्या मूत्राशयाच्या पातळ कातडीने बांधून पाण्यात ठेवले, तेव्हा बाहेरचे पाणी आपणहून आत शिरून कातडी फुगली. पाणी विरळ बाजूकडून दाट बाजूकडे जाते, हा त्याचा स्वभाव. दाट बाजूवर पुरेसा दाब दिल्यास हा प्रवाह उलटतो, आणि पटलातून केवळ पाणी पार होऊन बाकी सर्व मागे राहते. हे व्यवहारात आणणारे पटल मात्र १९६० च्या सुमारास तयार झाले. कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडने लोब आणि आपल्याच देशातून तेथे गेलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे असे पटल बनविले, की ज्याची वरची साय अत्यंत पातळ व घट्ट आणि खालचा थर सच्छिद्र होता. आजच्या प्रत्येक आरओ यंत्राचे मूळ तेथे आहे. पुढे भारतातही हे काम झाले. भाभा अणुसंशोधन केंद्राने विजेशिवाय चालणारे अतिसूक्ष्म गाळणीचे घरगुती शुद्धीयंत्र विकसित करून त्याचे तंत्रज्ञान उद्योगांना दिले, आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही पटलांवर दीर्घकाळ संशोधन होत आले आहे. ही दोन्ही पटले प्रामुख्याने जंतूंसाठी आहेत, हे येथे पुन्हा सांगितलेले बरे.

रुग्णालयाच्या हितचिंतकांना पटल अगदीच अपरिचित नाही. डायलिसिस म्हणजे दुसरे काय? नेदरलँड्समधील डॉ. विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, सॉसेजच्या आवरणासाठी वापरतात ती सेलोफेनची नळी लाकडी पिंपावर गुंडाळून पहिले कृत्रिम मूत्रपिंड चालविले. पटलाच्या एका अंगाने रक्त आणि दुसऱ्या अंगाने पाणी वाहते. चार तासांच्या एका डायलिसिसला सुमारे १२० लिटर पाणी रुग्णाच्या रक्ताशेजारून जाते. आपण आठवडाभरात १४-१५ लिटर पाणी पितो, तर या रुग्णाच्या रक्तास तेवढ्याच काळात ३०० लिटरहून अधिक पाण्याचा स्पर्श होतो, आणि मध्ये जठर नाही, यकृत नाही, केवळ एक पातळ पटल असते. म्हणूनच जेथे डायलिसिसची सोय आहे तेथे त्यासाठी आरओचे पाणी अनिवार्य असते. ब्राझीलमधील कारुआरू येथे १९९६ मध्ये काय झाले हे डायलिसिस विभागातील प्रत्येकाने वाचावे. तेथील एका केंद्रात जलाशयाचे पाणी टँकरने येत असे. त्यात नीलहरित शैवालाचे विष होते. केंद्रात गाळण्या होत्या, परंतु आरओ नव्हता. ५० हून अधिक रुग्ण यकृत निकामी होऊन दगावले. उन्हाळ्यात ज्यांच्या पाण्यावर हिरवी साय धरते अशा तलावांच्या प्रदेशात राहणाऱ्यांनी ही घटना दूरदेशीची म्हणून सोडून देऊ नये.

औषधांच्या बाबतीत पटल कसे वागते, हे केवळ छिद्राच्या आकारावरून सांगता येत नाही. रेणूचे वजन हे पहिले माप होय. एक्स-रे किंवा सीटी स्कॅनसाठी टोचले जाणारे आयोडीनयुक्त द्रव्य सुमारे ८०० वजनाचे असते. ते नॅनो गाळणीतही सहज अडते. डायक्लोफिनॅकचे वजन २९६ असून ते बहुतेक नॅनो पटलांच्या काठावर येते. परंतु पाण्यात त्यावर ऋण विद्युत्भार असतो आणि पटलावरही ऋण भार असल्याने ते दूर ढकलले जाते. पॅरासिटामॉलचे वजन १५१, शिवाय त्यावर भार नाही. त्यामुळे नॅनो पटलातून त्याचा बराच भाग निसटतो आणि त्यासाठी आरओच लागतो. संप्रेरकांची तऱ्हा आणखी निराळी. ती तेलकट स्वभावाची असल्याने पटलाला चिकटतात. नव्या पटलावर चाचणी घेतल्यास सर्व संप्रेरक अडले असे भासते. काही काळाने पटल भरून जाते आणि चिकटलेले रेणू झिरपत झिरपत पलीकडे उतरू लागतात. विक्रेत्याने पहिल्या दिवशीचा तपासणी अहवाल दाखविला, तर काही आठवडे चाललेल्या पटलाचा अहवाल मागावा.

आणि पटल कशाचाही नाश करीत नाही. अडलेले सर्व काही नकोशा पाण्यात एकवटते. घरगुती यंत्रात एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर असे पाणी बाहेर पडते, आणि ते पुन्हा त्याच गटारात जाते. मोठ्या यंत्रणांत या घट्ट पाण्यावर ओझोनची किंवा सक्रिय कोळशाची वेगळी प्रक्रिया करावी लागते. सिंगापूरमध्ये २००३ पासून मैलापाणी सूक्ष्म गाळणी, आरओ व अतिनील किरण अशा क्रमाने शुद्ध करून पुन्हा वापरतात. पण सिंगापूरच्या शेजारी समुद्र आहे आणि पाठीशी मोठी तिजोरी.

रुग्णालयाच्या सांडपाण्याचा प्रश्न

युरोपात काही रुग्णालयांनी आपल्या सांडपाण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा बसविल्या. जर्मनीतील गेल्सेनकिर्शेन आणि डेन्मार्कमधील हेरलेव्ह येथील रुग्णालयांत जिवाणूंच्या टाकीतच पटल बुडविलेले असते. या पटलाची छिद्रे औषधे अडविण्याइतकी बारीक नसतात; मात्र जिवाणू वाहून न जाता दीर्घकाळ टाकीत राहतात, आणि सावकाश काम करणाऱ्या जिवाणूंना चिवट रेणूंवर दात आजमावण्यास सवड मिळते. उरलेल्यासाठी पुढे ओझोन व कोळसा. या प्रयोगांतून एक गोष्ट स्पष्ट झाली, ती आमच्या दृष्टीने यंत्रापेक्षा अधिक उपयोगाची आहे: बहुतेक औषधांच्या बाबतीत रुग्णालयांचा वाटा थोडा असून मोठा वाटा घराघरांतून येतो. रुग्णालयांचा ठळक वाटा क्ष-किरण तपासणीची द्रव्ये, कर्करोगावरील औषधे आणि काही राखीव प्रतिजैविके यांत दिसतो. युरोपीय संघाने २०२४ च्या निर्देशात मोठ्या शहरांच्या केंद्रांसाठी अशी अधिकची प्रक्रिया बंधनकारक करून तिच्या खर्चाचा किमान ८० टक्के भार औषध व सौंदर्यप्रसाधन उत्पादकांवर टाकला. आपल्याकडे जानेवारी २०२० मध्ये औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांना मर्यादा घालणारा मसुदा निघाला होता. २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या मर्यादा राहिल्या नाहीत.

आपल्या भागात हा प्रश्न किती जवळचा आहे, हे वैनगंगेकडे पाहिल्यास समजते. नागपूरचे सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते पाणी गोसीखुर्दच्या जलाशयात साठते. पाण्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था 'नीरी' १९५८ पासून नागपुरातच आहे, हाही योगायोग म्हणावा.

मग ग्रामीण भागातील धर्मादाय रुग्णालयाने काय करावे? सांडपाण्यासाठी पटलाची यंत्रणा बसविण्याची सूचना कोणा देणगीदाराकडून आली, तर विश्वस्तांनी यंत्राच्या किमतीआधी वीज, पटलांची धुलाई, काही वर्षांनी करावी लागणारी त्यांची अदलाबदल, प्रशिक्षित माणसाचा पगार आणि घट्ट पाण्याची व्यवस्था यांचा वार्षिक खर्च मांडून पाहावा. देखभालीअभावी बंद पडलेले पटल काहीही अडवीत नाही. आमच्या मते क्रम असा असावा: प्रथम सांडपाण्याची जिवाणू-प्रक्रिया वर्षभर नीट चालावी, नंतर सक्रिय कोळशाची जोड द्यावी, आणि पटलाचा विचार त्यानंतर करावा. शोषखड्डा व पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा हातपंप यांत पुरेसे अंतर राखणे, हे तर आजही विनाखर्चाचे आहे.

दिवंगत आप्तांच्या स्मरणार्थ रुग्णालयास आरओ यंत्र भेट देण्याची इच्छा पुष्कळ कुटुंबे व्यक्त करतात. ही भावना आदरणीय आहे. पूर्व विदर्भातील ज्या गावांत पाण्यात फ्लोराइड अधिक आहे तेथे असे यंत्र वरदान ठरते. परंतु जेथे विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत आहेत, तेथे बहुधा त्याची गरज नसते. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही अशा ठिकाणी आरओच्या वापरावर निर्बंध आणण्याचे निर्देश दिले होते. म्हणून भेट देण्यापूर्वी पाण्याची तपासणी करून घ्यावी, आणि शक्य असल्यास यंत्राऐवजी त्याच्या देखभालीसाठी ठेव ठेवावी.

रुग्णांच्या नातेवाइकांसाठी शेवटची विनंती आहे. घरी जाताना उरलेल्या गोळ्या, अर्धवट बाटल्या, मलमे शौचालयात, नालीत किंवा उकिरड्यावर टाकू नयेत. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार रुग्णालयातील मुदतबाह्य व टाकाऊ औषधे पिवळ्या पिशवीच्या वर्गात मोडतात आणि ती पाण्यात न जाता भट्टीत जाळली जातात. दाखल असताना उरलेली औषधे वॉर्डातील परिचारिकेकडे द्यावीत. फेंटानिलसारखी मोजकी तीव्र वेदनाशामके, जी घरात राहिल्यास बालकाच्या जिवावर बेतू शकते, यांची विल्हेवाट कशी लावावी हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. गर्दी-सर्दीसाठी प्रतिजैविकाचा आग्रह धरू नये, आणि डॉक्टरांनी दिलेले प्रतिजैविक त्यांनी सांगितले तितके दिवस घ्यावे.